खालून वाचलेलं चहाचं पाकीट

आमच्या घरात छापील कागद खालून वर वाचतात. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, त्यांचं युनियनची पत्रकं वाटणं बंद पडलं नाही. अक्षरं मी त्या पत्रकांवरच शिकले. त्यांचा नियम एकच: तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव नसेल, तर वरचा मजकूर कितीही पेटवणारा असो, तो वाटायचा नाही. जो स्वतःचं नाव द्यायला घाबरतो, त्याच्यासाठी आपण मार का खायचा, असं ते म्हणत.

हा नियम चहाला लावायची वेळ ताईमुळे आली. ती सांताक्रूझला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात चहा-कॉफीच्या काउंटरवर होती. हॉटेलनं माणसं कमी केली, त्यात तीही गेली. तिथेच तिला तैवानच्या उंच डोंगरांवरचा ऊलाँग चहा कळला होता. अर्धवट मुरवून गोळ्यांसारखी वळलेली पानं, गरम पाण्यात हळूहळू अख्खी उलगडणारी. दूध नाही, साखर नाही. अंधेरीच्या एका कॅफेमालकानं तिला शब्द दिला होता की खरा माल आणलास तर तुझाच चहा ठेवीन. ताईला त्यावर स्वतःचा धंदा उभा करायचा होता. पुन्हा दुसऱ्याच्या काउंटरमागे उभं राहायचं नव्हतं.

आम्ही शोधायला लागलो. घाटकोपरच्या एका व्यापाऱ्याचा चहा कोरडाच असताना आटवलेल्या दुधासारखा वास मारत होता. पानाला इसेन्स चोळलेला. कुठल्या डोंगरावरचा, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, मॅडम, डोंगर म्हणजे डोंगर. मग ऑनलाइन एक सोनेरी डबा मागवला. त्यावर ‘उंच डोंगर’ हे शब्द ठळक, आणि तळाशी फक्त अंधेरीतल्या एका गाळ्याचा पत्ता. फोन केला तर बागेचं नाव सांगता येणार नाही म्हणाले, ते धंद्याचं गुपित आहे. माझं डोकं फिरलं. उतारावर वाकून पानं खुडणाऱ्या बायांचं सोडा, त्यांच्या गावाचंही नाव नाही, आणि डबा मात्र सोन्याचा! मी लगेच त्यावर लिहायला बसले.

“तू पत्रक लिही गं,” ताई म्हणाली, “मला चहा हवाय.”

तो मुलुंडला मिळाला. जहाज कंपनीच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या एक बाई दर हंगामाला तैवानच्या एकाच कुटुंबाकडून थोडा चहा मागवायच्या. पाकीट साधं, पण तळाशी सगळं होतं: गाव, उंची, हंगाम, पानं भाजणाऱ्याचं नाव. पानं देठासकट अख्खी उलगडली. पाणी पुन्हा पुन्हा ओतलं तरी फुलांचा वास जाईना. हिवाळी तोडणीतला त्यांच्याकडचा उरलासुरला चहा त्यांनी ताईला कागदाच्या पुडीत नमुना म्हणून दिला.

घरी येताच आमचं वाजलं. चहा कुठून आणला हे मालकाला सांगायचं नाही, असं ताईनं ठरवलं होतं. सांगितलं की तो थेट मुलुंड गाठणार. मी म्हणाले, मग तुझ्यात आणि त्या सोनेरी डबेवाल्यात फरक काय? तुझं काय जातंय, तिनं विचारलं. माझं काहीच जात नव्हतं. तरी मी मागे हटले नाही.

मालकाकडे जायच्या दिवशी ताईनं खात्री म्हणून चिमूटभर चहा करून पाहिला. फुलांच्या वासाखालून सुक्या जवळ्याचा, त्या बारीक कोलंबीचा वास आला. आईनं पुडी हवा लागू नये म्हणून घरातल्या सगळ्यात चांगल्या, म्हणजे जवळ्याच्या डब्यात ठेवली होती.

“घट्ट झाकणाचो ह्योच एक डबो आसा,” आई म्हणाली. “खायचो सोडो घालून धुतलंय मा.”

आई चुकली नव्हती. आमच्या घरात जपून ठेवायची सगळ्यात मोलाची वस्तू तोवर जवळाच होती. पण ऊलाँग आजूबाजूचा वास ओढून घेतो, आणि डब्याचं रबर सोड्याला दाद देत नाही.

ताईनं मुलुंडच्या बाईंना फोन केला. त्यांच्याकडे आता स्वतःच्या किटलीपुरताच चहा उरला होता. त्या म्हणाल्या, मालकाला इथेच घेऊन ये, माझ्याबरोबर पिऊ दे. ताईनं फोनवर बाईंचा पत्ता लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मग तिनं मालकाला पत्ता पाठवला.

बाईंच्या जेवणाच्या टेबलावर कप मांडले गेले. मालकानं कप उचलायच्या आत ताई बोलली.

“चहा आवडला तर ऑर्डर माझ्याकडे. मी पत्ता लपवला नाही, म्हणून मला वगळायचं नाही.”

मालक हसला. तुला वगळायचाच विचार करत होतो, असंही म्हणाला. बाई किटलीत पाणी ओतत राहिल्या. ऑर्डर कुणाकडूनही आली तरी चहा हिच्याच हातून जाईल, एवढंच त्या वर न बघता म्हणाल्या. मालकानं दुसरा कप मागितला, मग तिसरा. शेवटी वसंतातल्या तोडणीचा चहा ताईकडे सांगून ठेवला. त्याच्या पुढच्या हंगामाचं तो काही बोलला नाही, अजून बोललेला नाही.

तो चहा आला तेव्हा ताईनं भांडुपला घरीच पाकिटं भरली. जवळा बाल्कनीत गेला. पाकिटावर मालकाच्या हट्टानं ‘तैवान’ मोठं आहे. तळाशी गाव, त्या कुटुंबाचं नाव, मुलुंडच्या बाईंचं नाव आणि शेवटच्या ओळीत ताईचं.

बाबांनी चष्मा लावून पाकीट खालून वर वाचलं.

“वाटायला हरकत नाही,” ते म्हणाले.