पाचवीची सुपारी

माझी सासू हरणाबाई, मी तिला आत्याबाई म्हनायची, आष्ट्याची सुईण. तिच्या हातावर जन्मलेलं माणूस न्हाई अशी एक गल्ली दाखवा गावात. हात लय हलका, पर जीभ? ती इचारूच नका.

सुईणीचं काम नुसतं बाळंतीण सोडवण्याचं नसतं. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिवती म्हनत्यात. तिची पूजा सुईणच मांडती. पाट्यावर सुपारी, शेजारी कोरा कागद अन् लेखणी. त्याचं लुगडं मिळतं, शिधा मिळतो. आमच्या घराचा बाप्तिस्मा झाला अन् आत्याबाईनं ते सगळं सोडलं. बाळंतीण सोडवीन, सटवाई पुजणार न्हाई, असं पार पाटलाच्या वाड्यातबी सांगून आली. मोठ्या घरांनी बोलवणं बंद केलं. मग लोकांच्या रानात खुरपाया गेली, पर वाकली न्हाई. मला तिचा लय राग यायचा. मी बी किरिस्तावच, पर चुलीला काय कळतंय त्यातलं?

चव्वेचाळीस साली माझी तिसरी खेप. मालक पलटणीत, बर्म्याकडं. आधीची दोन लेकरं माहेरी वडूजला झाली अन् इकडं आणल्यावर दोन-दोन महिन्यांत गेली. आत्याबाईनंच ती मातीत ठेवली. ह्या खेपेला तिनं मला माहेरी धाडलंच न्हाई.

पोरगी झाली. पाचव्या दिवशी सकाळधरनं ती दूध वढंना. आत्याबाई पाण्याला गेलेली बघून शेजारची साळूबाई पदराखाली सामान घेऊन आली. तिनं पाट्यावर सुपारी मांडली, शेजारी कोरा कागद ठिवला, हळदकुंकू वाहिलं. मी हात जोडणार, तवर आत्याबाई घागर घेऊन दारात हुभी.

मी रडत तिचे पाय धरले. म्हनलं, एकदाच पुजा, कुणाला कळतंय, तुमचा देव काय लगीच रागावणार हाय? ‘तुमचा देव’ ऐकलं अन् तिचं तोंड उतरलं.

"वडूजला दोन्ही बारीला सटवाई पुजलीस, मला म्हाईत हाय," ती म्हनली. "काय लिवलं तिनं?"

मी तिचे पाय सोडले. तिनं सुपारी उचलली, पदरानं कुंकू पुसलं, पानाच्या पिशवीतला अडकित्ता काढला अन् ती कातरली. निम्मी आपल्या तोंडात टाकली, निम्मी साळूबाईपुढं धरली. साळूबाई जी पळाली, ती मागं बघायलाबी थांबली न्हाई.

"आवं, पोरीला काय झालं म्हंजी?" मी म्हनलं.

"मला बी भ्या वाटतंय, राही. पर ही न्हाई जगली तरी मी त्या सुपारीला हात जोडणार न्हाई."

सुपारी चावत हुती अन् डोळ्यांतनं पाणी गळत हुतं. मग पोरीला मांडीवर घेतलं. माझं दूध वाटीत काढून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजत दिवस मावळंपातूर बसली.

पोरगी जगली. आत्याबाई कवाच म्हनली न्हाई की बघ, माझंच खरं झालं. साळूबाईचा कोरा कागद तेवढा उचलला अन् मास्तरकडनं मालकाला पत्र लिवून घेतलं, मुलगी झाली म्हणून.

सत्तेचाळीसला मला पोरगा झाला. आत्याबाईला जाऊन तवा वरीस झालं हुतं. सासू न्हाई बघून साळूबाई पाचवीला परत सुपारी घेऊन आली. मी बाजेवरनंच लेकीला हाक मारली अन् म्हनलं, आजीचा अडकित्ता आण.