चंद्राचा काप

घासूकाकांच्या बोटाला जे कळायचं ते आमच्या कुठल्याही मोजपट्टीला कळत नसे. दगडाचा काप काचेवर चिकटवायचा आणि ओल्या भुकटीवर गोल गोल घासत इतका पातळ करायचा, की त्यातून उजेड आरपार जावा. मगच तो दगड कसा घडला, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. नगरच्या आमच्या कॉलेजात काकांनी उभी हयात हेच केलं. चार फेऱ्या जास्त झाल्या की काप गायब, आणि मग काका दिवसभर कोणाशी बोलत नसत. एरवी तरी कुठे बोलायचे म्हणा!

मी चंद्राच्या कवचावर काम करते हे कळल्यावर मात्र त्यांनी स्टूल ओढलं. मी सांगितलं, चंद्र आधी वितळलेल्या दगडाचा होता, त्यातले हलके पांढरे खडे वर तरंगले आणि त्यांचंच कवच झालं.

"म्हंजे गुळाच्या काहिलीत रस उकळला की मळी वर येती, तसंच की."

उसाच्या कोल्हारचा माणूस! माझ्या दोन वर्षांच्या वाचनाचा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला.

निवृत्तीनंतर ते कोल्हारला एकटेच राहत. काकू गेलेल्या, मुलगी लांब दिलेली. दर महिन्याला फोन आणि एकच प्रश्न, "ताई, चंद्राचा तुकडा आला का? त्येवढा एक घासायचाय." सरावाला ते प्रवरेतले गोटे घासत आणि काप एसटीने मला पाठवत. त्यांच्या कडा दर खेपेला जास्त वाकड्या येत होत्या. काकांचे हात थरथरू लागले होते.

उल्केच्या धडकेने चंद्रावरून उडून पृथ्वीवरच्या वाळवंटात पडलेल्या दगडाचा हरभऱ्याएवढा तुकडा अखेर मला मिळाला. काप एकच निघणार होता. मी कच खाल्ली. बाहेरगावी यंत्रावर घासून घेतला आणि काकांना "अजून नाही आला" असं सांगत राहिले. दर वेळी लाज वाटायची.

शेवटी राहवेना. काप घेऊन कोल्हारला गेले, सगळं सांगितलं. काकांनी त्यावरून बोट फिरवलं.

"जाड ऱ्हायलाय, ताई. भिंगाखाली पांढरा खडा पिवळा दिसत असंल."

दिसत होताच. तेच तर माझं दुखणं होतं.

"मग तुम्हीच करा ना पातळ, काका."

त्यांनी काप उजेडात धरला. तो बोटांत थरथरत होता. हळूच डबीत ठेवून ते म्हणाले, "आला तवाच आनायचा हुता. तवा जमलं असतं. आता न्हाई."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा केला, स्टँडपर्यंत सोडायला आले. एसटी हलल्यावर मी हात हलवला. काकांनी दोन्ही हात खिशातच ठेवले.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. ते गेल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.