बार न होणाऱ्या पाच बंदुका

“गोळी घाला आणि उडवून दाखवा,” ठाणेदार म्हणाले.

“साहेब, गोळी आत जातच नाही.”

“मग फायर होत नाही हे कशावरून लिहिणार? फॉर्मात टेस्ट फायरचा रकाना आहे.”

मी तेव्हा अमरावती जिल्ह्यात पोलीस आर्मोरर होतो. खात्याच्या बंदुका दुरुस्त करायच्या आणि पकडलेलं शस्त्र चालतं की नाही ते लिहून द्यायचं, हे माझं काम. दर्यापूरकडच्या एका ठाण्यात टेबलावर पाच बंदुका मांडल्या होत्या. महायुद्धातली थ्री-नॉट-थ्री, जर्मन माउझर, ठासणीच्या तीन. सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. मालक मनोहर सर, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. खंडेनवमीला त्यांनी आपल्या संग्रहाची पूजा केली आणि हौसेनं फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो ठाण्यात पोचवला. अटक झाली की संस्था सस्पेंड करणार, आणि सरांच्या रिटायरमेंटला आठच महिने उरले होते. सगळं माझ्या रिपोर्टवर अडलं होतं.

“नकली म्हणता, मग खेळण्यांची पूजा कोण करतं?” ठाणेदारांनी सरांना विचारलं.

“ट्रॅक्टरचीबी करतो ना आमी साहेब. तो काय गोळ्या झाडते?”

ठाणेदारांना हे आवडलं नाही. मी घाईनं चुंबक काढलं. खऱ्या बंदुकीची नळी पोलादाची असते, तिला ते चिकटतं. इथे घसरून पडलं. मग पुलथ्रू सोडला, म्हणजे नळी साफ करायची वजनदार टोकाची दोरी. दोरी चार बोटंच आत गेली आणि अडली. पुढे सगळं भरीव. तरी ठाणेदारांनी पाचही बंदुका छताकडे रोखून, डोळे गच्च मिटून, स्वतः घोडा ओढून पाहिला. पाच वेळा नुसतं टक झालं.

“ठीक आहे. लिहा, खेळणी.”

मी लिहिलं. खाली मालकाची सही लागते. सरांनी पेन खाली ठेवला.

“खेळणी नाई साहेब. रेप्लिका. मापात सुताचा फरक नाई.”

“फॉर्मात दोनच पर्याय आहेत,” ठाणेदार म्हणाले. “शस्त्र नाहीतर खेळणी.”

“मंग शस्त्र लिवा.”

विनापरवाना पाच शस्त्रं म्हणजे थेट कोठडी. मी सरांना ओढतच व्हरांड्यात नेलं. “एका शब्दासाठी नोकरी घालवता काय?”

त्यांनी बाकाकडे डोळ्यांनी खुणावलं. तिथे त्यांच्या मिसेस डबा घेऊन बसल्या होत्या. “वीस वर्षं झाले, हे बाई ह्यायले खेळणीच म्हणते. मी भांडून राहिलो. आता सरकारी शिक्का मारून तिच्या हाती देऊ?”

काकूंना ऐकू गेलंच. “करा सही,” त्या म्हणाल्या. “मी एक शब्द बोलणार नाई. तुमची शपथ.”

सरांनी सही केली. मला खरंच वाईट वाटलं. गुन्हा नोंदलाच गेला नाही, आणि बंदुका माळांसकट ऑटोतून घरी गेल्या.

दिवाळीनंतर त्या बाजूला गेलो, तर सरांनी चहाला बोलावलं. बैठकीत पाचही बंदुका भिंतीवर होत्या. त्यांच्या खाली माझ्या रिपोर्टची कॉपी, लॅमिनेशन करून. ‘खेळणी’ या शब्दाभोवती लाल पेनानं गोल.

“इचारा त्यायले,” काकू चहा ठेवत म्हणाल्या. “एक शब्द बोलली काय मी?”

सर भिंतीकडे पाठ करून बसले होते.

पुढे नोकरीत मी एक पथ्य पाळलं. मालकाची सही घ्यायच्या आधी त्याची बायको बाहेर बसली आहे का, ते पाहून घ्यायचं.