बिनचुन्याची नीरा

ज्या महिन्यात मी दारू सोडली, त्याच महिन्यात माझे सासरे आयुष्यात पहिल्यांदा दारू प्यायले. दोन्हींचं श्रेय माझंच आहे.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी चौलचा. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, जन्मभर दुसऱ्यांच्या नारळ-सुपारीच्या वाड्या शिंपल्या आणि मला शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., केमिस्ट्री. सध्या एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. (हे मी कोणी न विचारताही सांगतो.) डिग्रीचं सर्टिफिकेट आबांनी अलिबागहून फ्रेम करून आणलं आणि पुढच्या खोलीत लावलं. आबांना वाचता येत नाही. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा, ते बोट लावून दाखवायचे, "ह्ये पोराचं नाव. आणि ह्यो शिक्का."

दारूचं म्हणाल, तर मी काही रोजचा पिणारा नव्हे. शनिवारी, तेही सोबत असेल तरच. (सोबत बुधवारीही मिळते.) दोष एकच: चढली की मी इंग्रजी बोलतो. यंदा शिमग्याला होळीच्या माळावर कोणीतरी माइक चालू ठेवून जेवायला गेलं आणि मी गावाला पंचवीस मिनिटं इंग्रजीतून शुभेच्छा दिल्या. गावाने टाळ्या वाजवल्या. बायकोने वाजवल्या नाहीत.

सकाळी चहाबरोबर निकाल लागला.

"एक महिना," सुनंदा म्हणाली. "थेंब नाही."

"नाही."

"शपथ घ्या. देवाची."

"सुनंदा, मी शिकलेला माणूस. देवाची शपथ वगैरे..."

"मग आपल्या पोरीची, पिंकीची घ्या."

"ही अंधश्रद्धा आहे."

"मग श्रद्धा कशावर आहे तुमची? एकदाची सांगा तरी!"

माझी नजर आपोआप भिंतीकडे गेली. तिचीही गेली. पाच मिनिटांत फ्रेम खिळ्यावरून उतरून तिच्या ट्रंकेत, शालूच्या खाली गेली आणि ट्रंकेला कुलूप लागलं.

"महिना पाळलात तर परत लावीन. नाही पाळलात तर पिंकी ग्रॅज्युएट झाली की तिचं लावू त्या खिळ्यावर." (पिंकी चौथीत होती.)

आबा बघत होते, पण सुनेच्या मध्ये पडले नाहीत. दुपारी पोस्टमन आला. आबांनी सवयीने बोट वर नेलं, भिंतीवरच्या फिकट चौकोनावर टेकवलं आणि म्हणाले, "हितं व्हतं." त्या क्षणी मी ठरवलं, प्राण गेला तरी चालेल, पण महिना पाळायचा!

पहिल्या आठवड्यात मला कळलं की संध्याकाळी सात ते नऊ हे दोनच तास असतात ही अफवा आहे. मित्रांनी विचारलं, "गोळ्या चालू हायत काय रे?" मी म्हटलं, "नाही. निश्चय." ते दोन पावलं मागे सरले. गोळ्या समजू शकतात माणसं, निश्चय नाही.

दुसऱ्या आठवड्यात जमायला लागलं, आणि जमायला लागल्यावर मी उपदेश सुरू केला. लॅबमध्ये केला, नाक्यावर केला, केस कापताना न्हाव्याला केला. (वस्तरा त्याच्या हातात होता म्हणून थोडक्यात केला.) शेवटी सुनंदाच म्हणाली, "अहो, प्यायचात तेव्हा दोन तास बोलायचात. आता दिवसभर!"

तोंडाला दुसरं काहीतरी काम हवं, हे मलाही पटलं. मग नीरा सापडली. आमच्या शेजारच्या वाडीत बबनमामा माडावर चढतात. संध्याकाळी मडकी बांधायची, पहाटे उतरवायची. मडक्याला आतून चुना लावलेला असला की रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसला की तो आंबतो, ती माडी. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी रोज सकाळी सहा वाजता दोन ग्लास चुन्याची नीरा पिऊ लागलो. चेहऱ्यावर तजेला आला. (मला दिसला. इतरांना दाखवावा लागला.)

एकविसाव्या दिवशी माणगावजवळ माझ्या सासुरवाडीला नव्या घराची वास्तुशांत होती. सासरे, म्हणजे नाना, एसटीतले निवृत्त कंडक्टर. जन्मात थेंब नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा पाऊण कप. नोकरीत असताना प्यालेला प्रवासी त्यांनी भर रस्त्यात उतरवला नाही असा आठवडा गेला नव्हता. शिमग्याचं माझं भाषण त्यांच्या कानावर गेलं होतं. सुधारलेला जावई दाखवायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. मी जाहीर केलं, "सगळ्या पाहुण्यांना नीरा माझ्याकडून!"

आदल्या दिवशी बबनमामांकडे गेलो.

"मामा, उद्या पंधरा लिटर. आणि चुना नको."

मामांनी कोयता पुसता पुसता माझ्याकडे बघितलं. "चुना नको म्हंजे?"

"मी मोबाइलवर वाचलंय, जास्त चुना मूत्रपिंडाला वाईट. वयस्कर माणसं आहेत तिकडे. शुद्ध, नैसर्गिक द्या."

"साहेब, चुन्याबिगर ती ऱ्हायाची न्हाय. दुपारपर्यंत..."

"मामा, मी केमिस्ट आहे."

यावर मामा काय बोलणार? "मंग ठीक हाय," म्हणाले आणि चढले माडावर.

सकाळी आठला मी, सुनंदा, पिंकी आणि आबा गाडीतून निघालो. डिकीत शीतपेयांच्या धुऊन घेतलेल्या बाटल्यांत पंधरा लिटर नीरा, झाकणं घट्ट. सुनंदा म्हणाली, "बर्फ घ्यायचा का?" मी म्हटलं, "नैसर्गिक गोष्टीला बर्फ लागत नाही." चैत्राचं ऊन. रोह्याला चहाला थांबलो तेव्हा पिंकीने डिकी उघडली आणि ओरडली, "बाबा, बाटल्या जाड्या झाल्या!"

"आपण चढण चढलो ना. उंचावर हवेचा दाब कमी होतो."

(चौल ते रोहा ही चढण म्हणजे पडवीतून ओटीवर येण्याएवढी आहे.)

पूजा लांबली. पंगत बसायला दीड वाजला. मी पहिलं झाकण फिरवलं, तर ते हातातून सुटलं आणि मांडवाच्या कापडाला लागून परत आलं. "ताजी आहे!" मी म्हटलं. ग्लासात ओतली, तर वर चार बोटं फेस. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, फेस कसला हो?"

"प्रोटीन."

"आणि थोडी आंबूस लागते?"

"व्हिटॅमिन सी."

जावई शिकलेला असला की सासुरवाडीची माणसं दुसरा प्रश्न विचारत नाहीत. नानांनी एक ग्लास घेतला. "वा! पोटात गार वाटतं." दुसरा घेतला. तिसरा त्यांनी मागून घेतला. मी यजमान म्हणून प्रत्येकाला सोबत करत होतो, त्यामुळे माझे पाच झाले. आबांनी एक घोट घेतला, ग्लास खांबाजवळ ठेवला आणि शांतपणे जेवायला लागले. मला वाटलं, दात दुखत असतील.

गडबड सुरू झाली ती विडे वाटताना. नाना प्रत्येक पानाला नखाने भोक पाडून पाहुण्याच्या हातात देत होते आणि बजावत होते, "जपून ठेवा. पुढं तपासनीस चढेल." पाहुणे हसले. मग दुसरी पंगत बसायला आली, तर नाना मध्येच उभे राहून, "पुढे सरका, पुढे सरका! दारात कोण उभं राहिलंय? ओ गुरुजी, सामान सीटखाली घ्या!"

ज्या सासूबाईंनी चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं, त्या पदर खोचून म्हणाल्या, "गणपत! खाली बस बघू!" आणि स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना दोघींनी धरून पाटावर बसवलं.

मला तर हे सारं फार छान वाटत होतं. वास्तूची कृपा, असं मी मनात म्हणत होतो. (मी, देव न मानणारा!)

एवढ्यात नानांनी तांब्यावर चमचा एकदा वाजवला. "टण! गाडी थांबवा! आमचे जावईबापू दोन शब्द बोलतील. एकवीस दिवस झाले, थेंब नाही! टाळ्या!"

मी ग्लास हातात घेऊन उठलो. निश्चयावर बोललो, मनोबलावर बोललो. मग म्हटलं, लोकांना शास्त्रीय माहिती द्यावी. "मंडळी, दारू म्हणजे काय? साधी गोष्ट आहे. कुठलाही गोड रस घ्या. त्यात हवेतलं यीस्ट पडतं. चुन्यासारखं काही घालून ते थोपवलं नाही, वर ऊन लागलं, चार-पाच तास गेले, की साखरेचं अल्कोहोल होतं. गॅस तयार होतो. बाटली फुगते. फेस येतो. चव आंबूस..."

इथे मी थांबलो.

ग्लासाकडे बघितलं. ग्लासातला फेस माझ्याकडे बघत होता.

मांडवातले ग्लास एकेक करून खाली गेले. फक्त नाना म्हणाले, "पुढचा थांबा कुठला?"

आणि मी, देवाशप्पथ सांगतो, खुलासा करायला तोंड उघडलं तर बाहेर आलं, "लेडीज अँड जंटलमेन, धिस इज नॉट व्हॉट इट लुक्स लाइक!"

सुनंदाने पिंकीच्या कानांवर हात ठेवले. ती स्वतः नीरा प्यायली नव्हती. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी सहा वाजता, नाना दोन तास झोपून आणि दोन लिंबांचं पाणी पिऊन उठल्यावर, ओटीवर माझा न्याय झाला. नाना डोक्याला ओला पंचा बांधून बसले होते. सासूबाई कोणाकडेच बघत नव्हत्या. आबा भिंतीला टेकून होते.

"महिना मोडला," सुनंदा म्हणाली. "सर्टिफिकेट ट्रंकेतच राहील."

"मोडला कसा?" मी म्हटलं. "मी दारू म्हणून प्यायलोच नाही!"

नानांनी पंचा सावरला. जुना माणूस, विनातिकीट प्रवाशांचे हजारो खुलासे ऐकलेला. "जावईबापू, सरळ सांगा. ही आंबलेली आहे हे तुम्हाला माहीत होतं का नव्हतं? माहीत होतं, तर शपथ मोडलीत, आणि वर आम्हाला पाजलीत. माहीत नव्हतं, तर शपथ शाबूत."

मी हायसं वाटून तोंड उघडलं, तेवढ्यात सुनंदा गोड आवाजात म्हणाली, "पण मग ते सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं कशाला, तेही सांगा."

असा पेपर मला युनिव्हर्सिटीतही आला नव्हता. माहीत होतं म्हणावं, तर शब्द गेला. नव्हतं म्हणावं, तर डिग्री गेली. मी आबांकडे बघितलं. आबा आपल्या बोटाकडे बघत होते. रोज शिक्क्यावर ठेवायचे, त्याच बोटाकडे.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"मोठ्याने," सुनंदा म्हणाली. "नानांना कमी ऐकू येतंय आज."

"मला माहीत नव्हतं! मामा सांगत होते, मी ऐकलं नाही. मी चुकलो!"

लग्नाला चौदा वर्षं झाली. हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच गेलं असावं, कारण सुनंदाचा चेहरा एकदम उतरला. मी इतक्या सहज कबूल होईन याची तिने तयारीच केली नव्हती. "बरं बरं," ती म्हणाली. "कोणालाच कळलं नाही म्हणा."

"मला कळलं व्हतं," आबा म्हणाले.

सगळे वळले.

"आबा? कधी?"

"पयल्या घोटाला. जलम गेला माझा माडाखाली."

"मग बोलला का नाहीत?"

आबा माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "तू बी.एस्सी. हायस. म्या म्हटलं, शिकलेली मानसं नीरा अशीच करत असतील."

यावर पहिल्यांदा नाना हसले, मग सासूबाई, आणि शेवटी सुनंदासुद्धा. हसता हसता डोळे पुसून ती म्हणाली, "राहिलेले नऊ दिवस पाळा. लावीन."

ते नऊ दिवस मी पाळले. उपदेश न करता पाळले, म्हणून असेल, पण आधीच्या एकवीस दिवसांपेक्षा लवकर गेले. तिसाव्या दिवशी सर्टिफिकेट खिळ्यावर गेलं, आबांचं बोट शिक्क्यावर गेलं.

फक्त एक बदल झालाय. आता घरात दूध नासल्यासारखं वाटलं, ताक आंबलं, लोणच्याला वास आला, की भांडं थेट आबांकडे जातं. परवा सुनंदा कोकमाच्या सरबताची बरणी घेऊन निघाली, तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवून म्हटलं, "आण इकडे, मी बघतो."

"तुम्ही बसा हो," ती म्हणाली. "जाणकार माणसाला बघू दे."

मी बसलो. (केमिस्ट्रीत मला फर्स्ट क्लास होता.)