माळा हा शब्द सुधाकरचा आहे

बातमी आली तेव्हा मी शारजात, अल मजाजच्या आमच्या घरी सुरमईला मसाला लावत होते. फोनवर सुधाकरचा खोलीतला सोबती होता, आणि तो हिंदीत एकच वाक्य परत परत सांगत होता. सुधाकर, माझा मावसभाऊ, झोपेतून उठलाच नव्हता. सुरमई त्याच्यासाठीच आणलेली... रविवारी तो जेवायला असायचा.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं, असं आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळाचे कार्यवाह श्रीरंगराव यांनी मला सुचवलं आहे. सुधाकर गोड नव्हता. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कारखान्यात एसीचे डक्ट बनवायचा, तार स्वरात बोलायचा, आणि कुणी डिवचलं तर वर्षानुवर्षं मनात ठेवायचा. आमच्या आया सख्ख्या बहिणी, तेव्हा हा गुण माझ्यातही पुरेपूर उतरला आहे. श्रीरंगरावांनी हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

इथली मराठी मंडळी स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या, लांबच्या रांगांना ‘माळा’ म्हणतात. तो शब्द कुठून आला, ते मी सांगते, कारण मी तिथे होते. शारजात सामना होता आणि मंडळाने तिकिटं एकत्र काढली होती. वाटप श्रीरंगरावांकडे. कुटुंबं खाली, सावलीत; कामगारांच्या कॅम्पातून बसने आणलेली मुलं थेट छपराखाली, जिथून चेंडू दिसतच नाही. त्यांना काय, कुठेही बसतील, असं ते माझ्यासमोर म्हणाले होते. मी सुधाकरला फोन करून विचारलं, कुठे बसलायस रे?

“माळ्यावर,” तो म्हणाला. “गणपती गेले की मखर टाकतात ना गो ताई, तसं टाकलंय आम्हाला. पुढच्या वर्षी लागलो तर काढतील.”

त्याच्या आसपासची मुलं हसली, ते मला फोनवर ऐकू आलं. पुढच्या सामन्याला सगळी बस तो शब्द बोलत होती. बसचा पठाण ड्रायव्हरसुद्धा दार उघडून ओरडायचा, “यल्ला, चलो, माला वाले, उतरो.” त्या शब्दात राग होता आणि तो कुणावर होता हे बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग तो श्रीरंगरावांच्या कानावर गेला. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं की हा शब्द त्यांनीच प्रेमाने दिला, कारण माळा म्हणजे उंचावरचा मान. टाळ्या पडल्या. ‘आम्ही माळेकरी’ असे टी-शर्टही निघाले. चोरी एक वेळ समजू शकते, पण त्यांनी चोरलेल्या शब्दाचा राग काढून टाकून त्याला साखर लावली. सुधाकर भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, शब्द माझा आहे आणि तो तुमच्या नावाने घातलेली शिवी आहे. दोघांनी त्याला धरून बसवलं. त्यानंतर मंडळाच्या एकाही सामन्याचं तिकीट त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तो स्वतः तिकीट काढून, हट्टाने, माळ्यावरच जायचा.

शोकसभेत श्रीरंगराव पुन्हा तेच बोलले. माळा हा शब्द मी दिला, सुधाकरने तो मिरवला, म्हणाले, आणि डोळे पुसले. वर जाहीर केलं की पुढच्या सामन्याला पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर सुधाकरचा फोटो ठेवू. जिवंतपणी ज्याला सावली दिली नाही, त्याच्या फोटोला पहिली रांग! घरी येऊन मी तावातावाने सगळं सांगितलं. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करणारी माझी मुलगी म्हणाली, “आई, लेट इट गो. इट्स जस्ट अ वर्ड.” सोडून देणाऱ्यांनी सोडावं. मागे ठेवायला माझ्या भावाकडे तेवढंच होतं, मी ते सोडणार नाही.

सामन्याच्या दिवशी मी वेळेवर गेले, नीट साडी नेसून. श्रीरंगराव पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेले तेव्हा मी खुर्चीवरचा फोटो उचलला, पदराखाली घेतला आणि जिने चढू लागले. गुडघे कुरकुरत होते. वर मुलांनी सरकून जागा केली, फोटो मध्ये ठेवला, कुणीतरी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. थोड्या वेळाने फोन वाजला. श्रीरंगराव घाबऱ्या आवाजात फोटो कुठे गेला म्हणून विचारत होते. पाहुणे आले होते आणि खुर्ची रिकामी दिसत होती.

“माळ्यावर आहे,” मी म्हटलं. “वर या, या मुलांसमोर शब्द कुणाचा ते सांगा, आणि घेऊन जा.”

खाली ते मान वर करून आमच्याकडे बघताना दिसले, मग बसले. फोटो आता कॅम्पात असतो. प्रत्येक सामन्याला मुलं तो माळ्यावर आणतात, मीही जाते आणि शेजारची एक जागा श्रीरंगरावांसाठी धरून ठेवते. ते अजून आलेले नाहीत. मला घाई नाही.