डबल क्लचसाठी मी इंजिन झाले

आमचे हे डोंबिवलीत एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. एकदा ड्रायव्हर आलाच नाही, भरलेला ट्रक दिवसभर गेटात अडकून राहिला आणि ह्यांनी घरी येऊन जाहीर केलं, "मी ट्रक शिकतो."

विठ्ठलवाडीला एक उस्ताद शिकवायचे. खालच्या गिअरला येताना क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडून जरा रेस द्यायची, परत क्लच दाबून गिअर टाकायचा. हा डबल क्लच. वेळ साधायची ती इंजिनचा आवाज ऐकून. ह्यांची वेळ चुकायची आणि गिअर खर्रर्र करून ओरडायचा. "साहेब, पाय ठीक आहेत तुमचे. कान नाहीत," उस्ताद म्हणाले.

मग घरीच सराव सुरू झाला. जेवणाची खुर्ची, पेडल म्हणून पाट, सोड्याच्या बाटल्यांचा लाकडी क्रेट आणि त्याच्या खणांतून फिरणारी छत्री म्हणजे गिअर. इंजिन मी.

"अगं, चढ आलाय, आवाज पडू दे."

मी घूंऽऽ खाली आणायचे.

"आता रेस!"

मी वर न्यायचे. चुकलं की खर्रर्रही मलाच करावं लागायचं.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू ओव्याची गरम पुरचुंडी घेऊन धावत आल्या. मी पोटदुखीने विव्हळतेय आणि नवरा उलट माझ्यावरच ओरडतोय, असं त्यांना वाटलेलं. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी स्टूल ओढलं. "रिकामा ट्रक चालवून काय उपयोग? मी मागे बसते, माल म्हणून." वळण आलं की त्या मनापासून कलायच्या.

टेस्ट ठाण्याला होती. हे इन्स्पेक्टरना म्हणाले, "मिसेसना शेजारी बसवावं लागेल. मला हिचाच आवाज कळतो."

"मग इंजिन बंद ठेवणार का?"

"नाही साहेब, दोन्ही चालू."

 साहेब ट्रकमध्ये चढून खिडकीशी बसले. मी मधे. पुलाच्या चढावर ट्रक धापा टाकायला लागला, मी त्याच्याहून मोठ्यांदा. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडला, मी सूर चढवला, परत क्लच. गिअर अलगद पडला. साहेब म्हणाले, "बाई, उतारावरही असंच करा."

लायसन्स मिळालं. पुढे अडीनडीला हे ट्रक काढायचे. एकदा खडवलीला माल होता, मी हौसेने सोबत गेलेले. चढ आला तशी मी घसा साफ करून सुरुवात केली.

"अगं, थांब ना जरा," हे म्हणाले, "इंजिन ऐकू येत नाहीये."

खडवली येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. काकूंना सांगितलं, तर त्यांनाही फार लागलं.