अर्ध्या पगाराचं कारण

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे आणि टाळेबंदीत ती फारच वाढली. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला मी आणि माझा साताऱ्याचा एक मित्र एका खोलीत राहत होतो. मी मोटारींच्या मोठ्या कंपनीत खरेदी विभागात, तो इरुंगाट्टुकोट्टैला रबरी वायसर बनवणाऱ्या चाळीस माणसांच्या कारखान्यात. माझा पगार घरबसल्या पूर्ण यायचा. त्याचा आधी अर्धा झाला, मग त्याहून कमी. असंच चाललं तर त्याला गाशा गुंडाळून गावी जावं लागणार होतं.

साथ एकच, मग पगारांची तऱ्हा दोन का? मला चैन पडेना. तो म्हणाला, मालकांनी एकेकाला फोन करून विचारलं होतं, भाडं किती, मुलं किती, घरात कुणाचं औषध चालू आहे का. त्यावरून पगार ठरले. सड्याला सर्वांत कमी.

"चिकट आहे तुझा मालक," मी म्हणायचो. "लग्न कर, पगार वाढेल."

तो हसायचा आणि भाताला फोडणी द्यायचा.

कामं पुन्हा सुरू झाल्यावर मी हट्टानं त्याचा कारखाना बघायला गेलो. "उक्कारुंगो, तंबी," म्हणत मालकांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मी तोडक्यामोडक्या तमिळमध्ये विचारलंच, पगार का कापलेत? ते चिडले नाहीत. फाइलमधून एक कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. पुरवठादारांची सगळी बिलं पुढील सूचनेपर्यंत थांबवली आहेत, असा आमच्या कंपनीचा मेल होता. खाली माझं नाव होतं.

साहेबांनी दिलेला मजकूर मी यादीतल्या सगळ्यांना एका फटक्यात पाठवला होता. रबराचं काम माझ्याकडे नव्हतं, आणि यादी मी वाचलीच नव्हती. मालकांना माझं नाव माहीत नव्हतं. मित्र मात्र खाली बघत होता.

परतताना मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू नाहीतर दुसऱ्या कुणी पाठवला असता. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?"

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पुढच्या आठवड्यात तो साताऱ्याला गेला, तो परत आलाच नाही.

टाळेबंदीचे ते चार महिने खोलीचं भाडं मी एकट्यानं भरलं होतं. मित्राला सांभाळतोय म्हणून घरी फोनवर मिरवलंही होतं.